धुक्याची घडण

स्कॉटलंडमधलं ग्रेंजमथ हे तेलशुद्धीकरण कारखान्याचं गाव होतं. उंच चिमण्या, नळांची जाळी, रात्री आभाळात पेटलेली वायूची ज्योत. तिथल्या रॉबिन गथ्री, विल हेगी आणि एलिझाबेथ फ्रेझर या तरुण पोरांनी ड्रमरच्या जागी यंत्र ठेवून कॉक्टो ट्विन्स हा बँड उभा केला. १९८२मध्ये लंडनच्या फोर एडी कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम काढला.

कॉलेजात असताना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे होती ती कॅसेटवरून उतरवलेली कॅसेट. वरचे सूर पुसट, खाली टेपची अखंड खरखर. खोलीतला दिवा घालवून आम्ही मित्र ती ऐकत पडायचो. फ्रेझरचे शब्द लागायचे नाहीत आणि लागावेत असं वाटायचंही नाही. तराणा ऐकत वाढलेल्या कानांना त्याचं काय नवल! त्या वयात उदासी कुठे ठेवावी हे कळत नसतं. ती या गाण्यांत मावायची.

परवा कॉक्टो ट्विन्सचा १९८४चा ‘ट्रेझर’ हा अल्बम हेडफोन लावून ऐकला. ‘लोरेलाय’ सुरू झालं आणि मी उठूनच बसलो. धुकं तसंच होतं, पण त्याच्या आत केवढी घडण! यंत्राचा ठोका जागचा हलत नाही. गथ्री गिटारचा एक सूर छेडतो, डिले या प्रतिध्वनीच्या यंत्रातून तो परतवतो, आणि तो विरायच्या आत दुसरा त्यावर सोडतो. फ्रेझरचा एक आवाज खाली धरून बसलेला, तिचाच दुसरा आवाज वर झेपावणारा. हे स्वप्नात सुचलेलं नाही, कुणीतरी थरावर थर चढवत हातानं रचलंय. हे जाणवल्यावर गाणं अधिकच आत उतरलं. चिमण्यांखाली राहणाऱ्या पोरांना हवं असलेलं आभाळ त्यांनी स्वतः बनवलं, याचं मला फार मोल वाटतं. नुसत्या उदास संगीताला इतका जोर नसतो.

मग ओघानंच त्याच फोर एडी कंपनीचे डेड कॅन डान्स. मेलबर्नहून लंडनला आलेले. १९८७च्या ‘विदिन द रेल्म ऑफ अ डाइंग सन’ची पहिली बाजू ब्रेंडन पेरीच्या गळ्याची, दुसरी लिसा जेरार्डच्या. शेवटचं ‘पर्सेफनी’ आमच्याकडे अर्धवटच होतं, टेप आधीच संपायची. जिथे ते तुटायचं तिथे मी आजही नकळत श्वास धरला. जेरार्डचा आवाज थांबला नाही, चढतच गेला. संपल्यावर मी ते लगेच पुन्हा लावलं.