रुमालाखालचा भाव

बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवितात, हे आम्हां मालेगावकरांना (वाशीम जिल्ह्यातल्या; नाशिकच्या नव्हे!) नवे नाही. पगाराचा भाव मात्र आम्ही रुमालाखालीही करीत नाही. माझे वेतन आयोगाने ठरविले; मी फक्त सही केली. म्हणून पुतणीने पुण्याच्या नव्या नोकरीचे पत्र पुढे करून "काका, किती मागू?" असे विचारले, तेव्हा मराठीचा हा प्राध्यापक निःशब्द झाला.

वर्षाला 6 लाख! वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. दादांनी मात्र चष्मा चढविला. सोयाबीन विकण्यात मुरलेला माणूस. म्हणाले, "यात ओल किती?"

ओल निघालीच. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा 12 टक्के वाटा याच आकड्यात. ग्रॅच्युइटीही यातच, आणि ती सामान्यतः 5 वर्षांच्या नोकरीनंतर मिळायची. आरोग्यविम्यात आईवडिलांचे नाव नाही. दादांची औषधे तर दरमहा चालू. रात्री आम्ही कागदावर भाडे, खाणावळ, औषधे मांडली आणि ज्याखाली जायचे नाही, असा एक आकडा अधोरेखित केला.

आपल्या भाषेत भीकही मागतात आणि हक्कही मागतात. क्रियापद एकच, मान किती ताठ ठेवावी, हे व्याकरण सांगत नाही. पुतणीला म्हटले, "पोरी, मागू नकोस. सांग."