मुळीचा डबा

नानांच्या खाटेखाली पत्र्याचा एक डबा असे. त्यात सापसणीच्या वाळलेल्या मुळ्या. कुणाला साप चावला की साऱ्या आळ्यांतून लोक आमच्या दारी धावत येत. नाना मुळी उगाळून पाजायचे, दंशावर लेप लावायचे. पैसा घेत नसत. ‘शिफा देणारा अल्लाह’, म्हणायचे. बहुतेक माणसे बरी होत आणि आम्हा नातवंडांची छाती फुगे.

पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही, हे मला फार उशिरा कळले.

1978 च्या भातकापणीत शेजारच्या चाचींना घोणस चावली. नानांनी दोनदा मुळी दिली. त्यात तीन तास गेले. पाय सुजला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा बैलगाडी जुंपली. तालुक्याला पोचेपर्यंत रात्र झाली. पुढे लघवी बंद झाली आणि चौथ्या दिवशी चाची गेल्या. नानांना कुणी बोल लावला नाही. त्यांनीच तो लावून घेतला.

मी रसायनशास्त्राचा शिक्षक झालो. सापसणीतले अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल घोणशीच्या विषातल्या एका विकराला रोखते, असे म्हैसूरच्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवल्याचे वाचले आणि डोळे भरून आले. नानांच्या मुळीत खरेच काही होते! पण हेच आम्ल मूत्रपिंडे निकामी करते, कर्करोगही घडवते. घोणशीचे विषही मूत्रपिंडांवरच उठते. मग चाचींना मुळीने तारले असते की आणखी खचवले? उत्तर मिळत नाही.

कोलकात्यात अनंतमुळाच्या मुळीतूनही विषाला अटकाव करणारे द्रव्य वेगळे केले गेले. तेही प्राण्यांवरच्या प्रयोगांपुरते. माणसाला वाचवते ती घोड्यांच्या रक्तापासून केलेली प्रतिविषाची लस. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर ती चालते. मात्र वेळेत मिळाली पाहिजे. 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे गेली, असा अंदाज आहे.

नाना वारल्यावर आम्ही डबा उघडला. मुळी एकही नव्हती. एक, दोन, पाचच्या घडी घातलेल्या नोटा होत्या. अम्मी म्हणाली, चाची गेल्यापासून साप चावलेला कुणी आला की नाना त्याच्या हातात जीपचे भाडे ठेवत आणि म्हणत,

‘‘जडी अच्छी हय बेटा, पन टैम नै देती. तू निकल.’’