वहिवाट

पौडच्या पुढे डांबरी सोडून गाडी मातीच्या रस्त्याला लागली की ही काच खाली करते आणि काही न बोलता वास घेते. आषाढात चिखलणी केलेल्या खाचरांचा, दिवाळीच्या आगेमागे कापलेल्या भाताचा, उन्हाळ्यात राब भाजल्याचा. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर ३१ वर्षं काढून आम्ही मुळशीत राहायला आलो, त्याला यंदा चौथा पावसाळा.

इथे यायला आजोबा कामाला आले. १९४८च्या कुळकायद्यातलं कलम ६३ असं आहे, की शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे एजंटाचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हताच. "साहेब, घरात सातबारा हाय का?" होता. वाईकडच्या एका उताऱ्यावर वारसांच्या गर्दीत माझंही नाव होतं. त्या जमिनीत पोट भरेना म्हणून आजोबा पुण्यात आले, पेठेत एका खोलीत राहिले, पुन्हा नांगराला हात लावला नाही. त्यांनी सोडलेल्या जमिनीच्या जोरावर नातू शेतकरी ठरला. नातवाने विळा फक्त नारळ सोलताना धरलेला.

जागा अकरा गुंठे. खरेदीखताची शाई वाळायच्या आत आम्ही काय केलं असेल, तर तारेचं कुंपण. विहीर नाही, घर नाही, आधी तार. मोकळ्या हवेसाठी इतक्या लांब यायचं आणि आल्या आल्या चारी बाजू बंद करायच्या, यातला विनोद तेव्हा कळला नाही. आमच्यासारख्या सगळ्यांचंच असं असतं, एवढंच माझं समर्थन.

खालच्या अंगाला मावशींचं खाचर. पहिल्या लावणीला त्या डोक्यावर रोपांच्या मुठी घेऊन, लुगडं गुडघ्यावर खोचून, वरच्या बाजूचा ओढा ओलांडून जाताना दिसायच्या. मागे धुकं, पुढे हिरवी खाचरं. मी फोटो काढला, लेकीला पाठवला. तिनेही लगेच हृदयाचं चिन्ह धाडलं.

दुसऱ्या वर्षी ओळख वाढली, ओसरीवर बिनदुधाचा चहा झाला. मी सहज विचारलं, "मावशी, एवढा वळसा कशाला घेता?"

"वाट तुमच्या आंब्याखालनंच व्हती की. आता तार हाय."

"मग बोलला नाहीत ते!"

"तुमी इकत घेतलंया. काय बोलायचं?"

चहा गरम होता, तरी तो एका घोटात संपवला.

घरी येऊन सगळे कागद काढले. मोजणीचा नकाशा, फेरफार, चतुःसीमा. वाट कुठेच नव्हती. ती पायांनी पाडलेली, पायांनीच जपलेली. मावशींनी मनावर घेतलं असतं तर १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडून ती मोकळी करून घेता आली असती, आणि मला तारखा पडल्या असत्या. त्यांनी ओढा पत्करला. त्यांच्या सासरचं मूळ गाव धरणाखाली गेलेलं. १९२१मध्ये सेनापती बापटांच्या मागे इथले मावळे सत्याग्रहाला बसले, तरी टाटांचं धरण झालंच. गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. (आमच्याकडे मात्र पहिला वारा सुटला की लाईट जाते. डीपीवर फांदी पडली, हे उत्तर आता वायरमनच्या आधी मीच देतो.) अशा घरात माझ्या चार पदरी तारेची तक्रार कोण करणार?

तार कापायला दहा मिनिटं लागली. आंब्याखाली लाकडी कवाड बसवलं, कुलूप नाही, नुसती कडी. हिला धास्ती होती ती गुरांची, कारण गेल्या हिवाळ्यात तिने देशी गुलाबाचा वाफा केला होता.

धास्ती खरी ठरली. परवा सकाळी मावशींची म्हैस उघड्या कवाडातून आली आणि इकडेतिकडे न बघता, सरळ रेषेत, गुलाबाच्या वाफ्यातून चालत पलीकडे गेली. ही ओरडत बाहेर धावली. मावशी मागून काठी टेकत आल्या. तुडवलेल्या वाफ्याकडे बघून त्यांना वाईट वाटलं असावं, पण चेहऱ्यावर हसूही होतं.

"तिचं काय चुकलं, बाई? वाट हितनंच व्हती."