ट्रंकेतले पुस्तक

घरात पुस्तके थोडी असली की निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. वसईतील आमच्या घरी प्रार्थनापुस्तक, गायनांचे पुस्तक, वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे एक छोटेसे चरित्र आणि ‘सुवार्ता’चे काही अंक, एवढीच आमची ग्रंथसंपदा होती. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मी शाळेच्या वाचनालयातून घरी आणली, तेव्हा दिवाबत्तीनंतर आई ती रोज थोडी थोडी मोठ्याने वाचून घेई. श्यामच्या घरी कोणत्या देवाची पूजा होते, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. श्यामच्या आईचे दुःख मात्र तिला आपले वाटले आणि तिने ते पदराने टिपले.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्थायिक झालो. आमच्या वसाहतीत ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच होती. वसईत श्रद्धा गल्लीबोळांतून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडून, देवळाच्या घंटेतून आपोआप मुलांपर्यंत पोचत असे. इथे ती पोचवण्याचा सारा भार आम्हा दोघांवर आला आणि त्या भाराबरोबर एक भयही आले. आईच्या मनात कधी न आलेले प्रश्न माझ्या मनात येऊ लागले.

आमची मुलगी नऊ वर्षांची होती. त्या वर्षी तिचे प्रथम कम्युनियन व्हायचे होते. शाळेतल्या हस्ताक्षर स्पर्धेत तिला बक्षीस म्हणून मुलांसाठी लिहिलेले सचित्र रामायण मिळाले. मी ते कौतुकाने चाळले, “परीक्षा झाल्यावर वाच हं,” असे म्हटले आणि कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिले. परीक्षा झाली, कम्युनियनचा सोहळा पार पडला. पुस्तक ट्रंकेतच राहिले. तिने ते मागितले नाही. मुलगी विसरली, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली.

चौथीच्या इतिहासात वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचे नाव आले, म्हणून तिने वेरूळ पाहण्याचा हट्ट धरला. एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही एस.टी.ने निघालो. दौलताबादचा किल्ला मागे टाकून, खुलताबादचा घाट चढून तीस किलोमीटरवरचे वेरूळ गाठले.

प्रथम आम्ही दहाव्या लेण्यात गेलो. सातव्या शतकाच्या सुमाराचे हे बौद्ध चैत्यगृह विश्वकर्म्याच्या नावाने ओळखले जाते. गावकरी त्याला सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी वासे वाटावेत अशा दगडी कमानींचे उंच छत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूपासमोर बसलेले भगवान बुद्ध. मुलगी दारातच थबकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “पप्पा, हे तर आपल्या देवळासारखं आहे!” तिने हात जोडले. मला काय वाटले ते सांगणे कठीण आहे. आनंद झाला आणि किंचित धास्तीही वाटली.

तेथून सोळाव्या लेण्यात, कैलासात आलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे मंदिर एका अखंड खडकात वरून खाली कोरत आणले गेले. दीड-दोन लाख टन दगड काढून टाकला असावा, असा अंदाज सांगतात. मंडपाच्या दक्षिणेकडील भिंतीवर रामायणाचा पट आहे. एकाखाली एक अशा ओळींत तो कोरलेला आहे. उत्तरेकडे त्याच रीतीने महाभारत आणि कृष्णाचे बालपण आहे. पोथी हाती नसलेल्यांसाठी दगडात मांडलेले जणू ते चित्रमय पुस्तकच! कुठल्याशा खेड्यातल्या शाळेची सहल तेथे आली होती. गुरुजी छडीच्या टोकाने एकेक ओळ दाखवीत गोष्ट सांगत होते. आमची मुलगीही त्या मुलांत जाऊन उभी राहिली. छडी वाली-सुग्रीवांवरून, लंकेतल्या हनुमंतावरून फिरत सेतूसाठी दगड वाहणाऱ्या वानरांपाशी थांबली आणि सहल पुढे सरकली.

मुलगी माझ्याकडे वळली. “पप्पा, पुढचं मला माहीत आहे. ते पुस्तक मी वाचलंय.”

“कधी?” मी चपापून विचारले.

“बक्षीस मिळालं त्याच दिवशी. घरी यायच्या आधी, रिक्षातच.” आणि मग खाली बघत, “सीतेची काही चूक नव्हती ना? मग तिला आगीतून का जावं लागलं?”

म्हणजे हा प्रश्न जवळजवळ वर्षभर ती एकटीच उराशी बाळगून होती. मी पुस्तक लपवले, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी लपवली होती ती तिची विचारण्याची जागा. माझ्याकडे पाहून ती एवढेच शिकली होती की, या विषयावर पप्पांशी बोलायचे नसते.

परतीच्या एस.टी.त मी तिला सांगितले की, हा प्रश्न विचारणारी ती पहिली नव्हे. जात्यावर दळण दळताना आपल्या मराठी बायाबापड्यांनीही सीतेच्या दुःखाच्या ओव्या गायल्या आहेत. आणि मग मला सुसान्ना आठवली. दानिएलच्या ग्रंथातील तेराव्या अध्यायातली ती निष्कलंक स्त्री. दोन वृद्ध न्यायाधीश तिच्यावर खोटा आळ घेतात, लोक तिला देहान्ताची शिक्षा देतात आणि तरुण दानिएल त्या दोघांची वेगवेगळी उलटतपासणी करून तिला वाचवतो. उपवासकाळात ही कथा आपण मिस्सेत ऐकतो. पण मुलीसाठी मी आणलेल्या बालबायबलात ती नव्हती. ते बायबल मी मोठ्या पारखीने निवडले होते! त्या रात्री आम्ही मोठे बायबल उघडले. वृद्धांच्या वासनेपाशी माझा आवाज अडखळला. नऊ वर्षांच्या मुलीला जेवढे सांगावे तेवढे सांगितले. सगळे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे दानिएलनं प्रश्न विचारला, म्हणून ती वाचली.”

हा पेच माझ्या एकट्याचा नाही. चारशे वर्षांपूर्वीचाही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच एक प्रसंग येतो. साष्टीतील एका देवळात रविवारी धर्मशिक्षण चालले असता एक जण विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? बंदी घालणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता, वाचणाऱ्याला पडला. स्टीफन्स यांनी तो मनावर घेतला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मराठीत रचला. तो छापला गेला मात्र रोमन लिपीत. देवनागरीत यायला त्याला १९५६ साल उजाडावे लागले. बंदी एका हुकुमाने होते. पुस्तक वाचकाच्या हाती पोचायला असा काळ लागतो.

ख्रिस्तसभेनेही या वाटेवर पुष्कळ मजल मारली आहे. निषिद्ध ग्रंथांची जी यादी सोळाव्या शतकापासून चालत आली होती, तिचे बंधन १९६६ मध्ये संपले. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दोन घोषणा प्रसिद्ध झाल्या. एकीने आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक होत, असे सांगितले. दुसरीने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे म्हटले. या दोन्ही गोष्टी एकत्र पेलायच्या असतात, हे मला वेरूळला गेल्यावर उमगले.

निवड करूच नये, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाचे नसते. क्रूर आणि हिणकस लेखनाला आईबापांनी दाराबाहेर ठेवलेच पाहिजे. परंतु भयाने केलेली निवड आणि प्रेमाने केलेली निवड यांत अंतर आहे. भय पुस्तक ट्रंकेत ठेवते. प्रेम ते आधी स्वतः वाचते आणि मग मुलाच्या शेजारी बसते. कैलासाच्या कारागिरांना एकदा काढलेला दगड परत बसवता येत नव्हता. आपल्याला ती सवलत आहे. काढून ठेवलेले पुस्तक आपण परत हाती देऊ शकतो.

आज ती मुलगी स्वतः आई झाली आहे. गेल्या नाताळात घरी आली, तेव्हा ट्रंक उघडून तिने ते रामायण आपल्या मुलासाठी मागून घेतले. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मी म्हणालो, “त्यातला आगीचा प्रसंग त्याला झेपेल का गं?”

“विचारील तो,” ती म्हणाली. “मी असेनच जवळ.”