जोत्याची ओल

आमचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका अरुंद बोळात आहे. जोते काळ्या दगडाचे, त्यावर विटा-मातीच्या भिंती, आणि सर्वांस जोडणारा चुना. पणजोबांच्या वेळी जोत्यास तीन पायऱ्या होत्या. रस्त्यावर थर चढत गेले आणि आता एकच उरली आहे.

आजीची खोली बोळाच्या बाजूस. "भिंत रडते रे," असे ती दर श्रावणात म्हणे आणि आम्ही ते हसण्यावारी नेत असू. 2018 च्या उन्हाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुटून गिलावा गळू लागला, तेव्हा आम्ही आपले शहाणपण चालविले. जोत्यास आतून-बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा दिला, त्यावर चकचकीत रंग फासला आणि ओल संपली असे जाहीर केले.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेस महापूर आला. पुराचे पाणी आमच्या बोळापर्यंत पोहोचले नाही. परंतु पाऊस दिवसचे दिवस खळला नाही. सिमेंट जागच्या जागी होते. ओल मात्र त्याच्याही वर, छातीइतक्या उंचीस, मातीच्या भिंतीत चढली होती. एके रात्री परातीएवढा पोपडा आजीच्या खाटेवर कोसळला. खाट रिकामी होती. दोनच दिवसांपूर्वी आजीने आपले अंथरूण मधल्या घरात नेले होते. आम्हांस विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. ते म्हणाले, "पोरा, ओल कोंडलीस तर ती वर चढणारच. तिला जायला वाट पाहिजे." हे म्हणणे शास्त्रास धरूनच आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे, तसे जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून चढते. चुन्याचा गिलावा त्यास वाफ होऊन बाहेर पडू देतो, सिमेंट अडविते. मग पाणी अधिक वर जाऊन वाळते आणि मागे राहिलेले क्षार भिंत पोखरतात.

दिवाळीनंतर सिमेंट काढले. पन्हळीचे पाणी भिंतीच्या मुळाशीच पडत होते, ते नळीने गटारात सोडले. फेब्रुवारीपर्यंत भिंत वाळू दिली. मग दगडांचे सांधे खरवडून त्यांत चुना भरला आणि पातळ थरांनी गिलावा केला. येथे घाई चालत नाही. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून सावकाश घट्ट होतो. म्हणून प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवावा लागला.

आता दर वैशाखात आम्ही बोटाच्या पेराने जोते ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला, की तेवढाच भाग काढून नवा भरतो. विद्यार्थिमित्रहो, काँक्रीटच्या नव्या घरासही हा न्याय लागू आहे. पायाच्या भिंतीस जलरोधक लेप द्यावयाचा तो पाणी येते त्या बाहेरच्या बाजूस, माती लोटण्यापूर्वी. आतून नुसता रंग देणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

पुढील श्रावणात आजीने भिंतीस तळहात लावला. "गार आहे थोडी," ती म्हणाली, "पण रडत नाही." या खेपेस आम्ही हसलो नाही, शेजारी उभे राहून आम्हीही हात लावून पाहिला.