चौकट आणि मेढ

मोठ्या वेधशाळांची वर्णने वाचताना आपले लक्ष प्रथम आरशाकडे जाते. आरसा किती व्यासाचा, त्यातून किती दूरचे तारे दिसतात, एवढेच आपण विचारतो. देवळाचा कळस पाहून परतावे आणि पायाची आठवणही होऊ नये, त्यातलाच हा प्रकार. परंतु आरसा कितीही निर्दोष असला, तरी त्याला पेलणारी बैठक डळमळीत असेल तर तो व्यर्थ होय. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पुरी करते. त्यामुळे तारा दर तासाला सुमारे १५ अंश सरकतो. कित्येक टन वजनाच्या दुर्बिणीने तितक्याच गतीने, किंचितही न थरथरता, त्याच्या मागोमाग फिरत राहिले पाहिजे. हे सारे काम बैठकीचे.

या बैठकीचे मर्म मला माझ्या पुतणीने समजावून दिले. आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. २००६ साली तिचे उद्घाटन झाले. पुतणीच्या महाविद्यालयाची सहल तेथे गेली होती. परत आल्यावर तिने कागदावर आकृती काढली आणि म्हणाली, “काका, लग्नाच्या मांडवाला मेढ रोवतात ना, शेंड्याशी दुबेळके असलेली? तशीच एक प्रचंड मेढ समजा. तिच्या दोन भुजांच्या मधोमध दुर्बीण तोललेली असते.”

कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन या डोंगरावर बैठकीचे दोन प्रकार शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. १९०८ सालची ६० इंचांची दुर्बीण अशाच मेढीत बसविलेली असून तिचा बहुतेक भार पाऱ्यावर तरंगता ठेवला आहे. १९१७ सालची १०० इंचांची दुर्बीण मात्र बंद पोलादी चौकटीत आहे. चौकटीला उत्तर व दक्षिण अशा दोन्ही टोकांना आधार असल्यामुळे ती सहसा वाकत नाही. १९२३ साली याच दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे एडविन हबल यांनी देवयानी तारकाविश्व आपल्या आकाशगंगेच्या पलीकडचे असल्याचे दाखवून दिले. एवढी तिची दृष्टी. परंतु चौकटीची उत्तरेकडील बाजू आड येत असल्यामुळे ध्रुवाच्या आसपासचे आकाश तिला दिसतच नाही! शेजारच्या धाकट्या दुर्बिणीला मात्र ते दिसते. पुढे पॅलोमार येथे २०० इंचांची दुर्बीण उभारली गेली व १९४८ साली तिचे उद्घाटन झाले. तिच्या चौकटीची उत्तर बाजू घोड्याच्या नालासारखी मोकळी ठेवली, ती ध्रुवाला वाट मिळावी म्हणूनच.

मोकळेपणाला किंमत असतेच. मेढ वरच्या टोकाला मोकळी, म्हणून सारा भार दोन भुजांवर. ताऱ्यामागे एकाच आसाने फिरावयाचे, तर मेढ ध्रुवाच्या दिशेने कलती ठेवावी लागते. आपल्या पंढरपुरी ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा-अठरा अंश उंच. येथे अशी मेढ जवळजवळ आडवीच होईल, आणि घागर धरून पुढे केलेल्या हातासारख्या तिच्या भुजा खाली ओढल्या जातील. अलीकडे संगणकाच्या बळावर मेढ सरळ उभी करतात. गिरवलीची तशीच आहे. भार थेट जमिनीत उतरतो. मात्र आडवी आणि उभी अशा दोन्ही गती क्षणोक्षणी बदलून एकमेकींशी जुळवाव्या लागतात.

ही आकृती घडी घालून ठेवून देण्याजोगी नव्हती, कारण मुलीला याच शास्त्राचे पुढील शिक्षण पुण्यास घ्यावयाचे होते. माझ्या मातोश्री मांडीचे हाड मोडल्यापासून दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. दिवसा दोघी जावा त्यांचे सारे पाहत. रात्रीच्या हाकेला ओ देणे मात्र या मुलीच्या वाट्याला आलेले. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. घराच्या चौकटीने ते काम आपोआप तिच्याकडे दिले होते. चौकट भक्कम होती, यात शंका नाही. चार पिढ्या तिने आमचा वाडा पेलला, आषाढीला माळवदापर्यंत भरलेला पाहिला. परंतु तिच्यातून मुलीला पुढची वाट दिसत नव्हती.

घरातील एक वडीलधारे म्हणाले, “पुंडलिकाच्या गावात सेवा टाकून जाणे शोभते काय?” प्रश्न रास्त होता. पण पुंडलिकाने आईबापांची सेवा स्वतःच्या हातांनी केली. दारी आलेल्या देवाला त्याने विटेवर थांबविले, पुतणीला नव्हे! ज्यांची आई, त्यांचीच सेवा, हा त्या कथेचा अर्थ मला तरी अधिक सरळ वाटतो.

धाकट्या बंधूंनी आणि मी रात्री वाटून घेतल्या. मातोश्रींना ही वाटणी सांगितली, तेव्हा त्यांनी नातीला जवळ बोलावून विचारले, “तुझ्या त्या दुर्बिणीतून ध्रुव दिसतो का गं?”

“दिसतो, आजी.”

“मग जा बाई.”

जूनमध्ये ती पुण्यास गेली. बंधूंच्या पाळीच्या रात्री मी जागा झालो, तर त्यांच्या खोलीत दिवा दिसतो. माझ्या पाळीला त्यांनाही तसाच दिसत असेल. दोन भुजांपैकी एक केसभर जरी वाकली, तरी दुर्बिणीतला तारा जागेवर राहत नाही, असे पुतणीने सांगितले होते. कागदावरच्या आकृतीपेक्षा पहाटे दोन वाजता ते अधिक स्पष्ट समजते.