सुरगाठ

तिवऱ्याचं धरण फुटलं त्या आठवड्यात नातेपुत्यात चहाच्या टपरीवर मी चारचौघांत हसलो होतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण गेलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं दगावली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. लोक हसले, मीही हसलो. वर म्हणालो, "सरकारी काम ते. आमच्या आबांचा बांध बघा, पंचेचाळीस वर्षांत हललेला नाही."

संध्याकाळी त्याच बांधावरून घरी गेलो. पायाखाली खेकड्यांची बिळं होती. ती रोजच दिसायची.

आमची जमीन नीरा उजव्या कालव्याच्या वरच्या अंगाला, शिंगणापूरच्या डोंगराकडे. कालव्याचं पाणी आमच्याकडे चढत नाही आणि पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळात आबा खडी फोडायला गेले होते. तिथून आले ते ठरवूनच, की आपल्या रानातल्या ओघळीवर आपण बांध घालायचा. दोन उन्हाळे बैलांच्या केणीनं माती ओढली. मध्ये काळी माती, दोन्ही बाजूंना मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग. उंची वीस फूट. एका टोकाला खडकात सांडवा. तळं भरलं की पाच एकरांवर पाणी पसरतं.

आबा गेल्यावर मी त्या बांधाचं काय केलं, ते आता सांगतो.

डाळिंब लावल्यावर पाणी कमी पडू लागलं, म्हणून सांडव्यात दीड फुटाची भिंत घातली. पाच एकरांवर दीड फूट म्हणजे जवळपास नव्वद लाख लिटर पाणी, तेही फुकट, असा माझा हिशोब. पुढं तळ्यात रोहू-कटला सोडले आणि पुरात मासे निसटू नयेत म्हणून त्या भिंतीवर जाळी ताणली. बांधावर वेडी बाभूळ माजली, ती राहू दिली; मुळं माती धरून ठेवतात असं मी मानत होतो. बांधाच्या पायथ्याला एक ओल होती, ती मी चिखल थापून बुजवली. एवढं करून मी बांधाची काळजी घेतो असं समजत होतो.

बांधाच्या खाली, ओघळीच्या कडेला सहा घरांची वस्ती आहे. तिथल्या एक मावशी २०१८ पासून मला सांगत होत्या, "दादा, पायथ्याचं पाणी वाढलंय. एकदा बघून घ्या." मी बघायला जायचो आणि बघत नव्हतो. मनात दुसरंच होतं. घरकुलासाठी जागा हवी असेल, भरपाई हवी असेल, आमचं तळं डोळ्यांत खुपत असेल. शेळ्या राखणाऱ्या, सही न येणाऱ्या बाईला बांधातलं काय कळणार, असंही वाटायचं. हे मी कधी तोंडानं बोललो नाही, आणि त्यावरच स्वतःला भला माणूस समजत राहिलो.

त्या तळ्याच्या पाण्याची खडान्‌खडा माहिती तिलाच होती. मी पाणी वरून बघायचो. ती खालून बघायची.

१४ ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरावरून आलेल्या त्या पावसानं सोलापूर जिल्हा झोडपला. त्याच दिवशी पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली. आमच्याकडे दुपारपासून थांबला नव्हता. रात्री दहाच्या सुमाराला मावशींचा मुलगा दारात आला. "दादा, जाळी तुंबलीय."

बॅटरी घेऊन गेलो. जाळीत काट्याच्या फांद्या, मक्याची धाटं, एक मेलेलं कुत्रं अडकलं होतं. सांडव्यातून जायला हवं ते पाणी मागं फुगून बांधाच्या माथ्याला दीड हातावर आलं होतं. माझी भिंत नसती तर त्या घडीला ते कितीतरी खाली असतं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की ते उतारावरची माती कापत जातं आणि मग ते कुणाच्या बापाला आवरत नाही. हे मी शाळेत असताना आबांनीच सांगितलं होतं, सांडव्यात उभं राहून. "बांध बांधणं सोपं, पाण्याला वाट ठेवणं अवघड," असं काहीसं.

तो पोरगा कमरेला दोर बांधून सांडव्यात उतरला आणि कोयत्यानं जाळी तोडू लागला. दुसरं टोक माझ्या हातात होतं. जाळी सुटल्यावर आम्ही पहारीनं भिंतीचे वरचे दोन थर पाडले. पाणी ओढ घेऊन निघालं. तासाभरानं पाण्यात रोवलेल्या काठीवरची खूण चार बोटं उघडी पडली.

मग मी वस्तीवर गेलो. घरं रिकामी होती. सगळी माणसं वरच्या माळावर कागदाखाली बसलेली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मावशींनीच अंधार पडताना उठवून नेलं होतं. मी विचारलं, "एवढ्या शेळ्या एवढ्यात कशा सोडल्या?"

त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात निरगाठ मारतच नाय मी. सुरगाठ. वढली की सुटती."

"कधीपासून?"

"तुम्ही ती भिंत घातल्यापासनं."

भिंत घातली त्याला सात पावसाळे झाले होते. सात पावसाळे ही बाई रोज संध्याकाळी शेळ्या बांधताना माझा बांध फुटेल हे गृहीत धरून गाठ मारत होती. रेशनकार्ड आणि नातवाचे कागद पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवलेले असायचे. मी त्या दारातून कितीदा गेलो असेन. ती पिशवी मी पाहिलेली होती. मी माझ्या घरात गाढ झोपत होतो, कारण माझं घर बांधाच्या वर आहे. हे वाक्य मला त्या रात्री पहिल्यांदा मनात म्हणता आलं आणि त्यानंतर ते गेलेलं नाही.

बांध माझा, जमीन माझी, सातबारा माझा. पण फुटला असता तर त्यात माझं काय गेलं असतं? डाळिंबाचं पाणी.

दिवाळीनंतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या अभियंत्यांना आणलं. त्यांनी ओल बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी नितळ येतं की गढूळ?" मला सांगता आलं नाही. मावशी म्हणाल्या, "पयलं नितळ होतं. दोन वर्सं झाली, पावसात दूध घातल्यावानी येतंय." ते गप्प झाले. मग समजावलं. मातीचा बांध थोडा झिरपतोच; नितळ पाणी नुसतं पाणी असतं, गढूळ पाणी बांधाची माती घेऊन येत असतं. आत बारीक नळी पडते आणि ती मागं मागं सरकत तळ्यापर्यंत पोचते. मी चिखल थापून पाण्याचं तोंड बांधलं होतं. त्यानं पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं. ओलीवर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर द्यायचे, म्हणजे पाणी निघतं आणि माती आत राहते. मुळांचंही तेच. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पोकळी उरते.

त्यांच्याचकडून जॉन्सटाउनची गोष्ट कळली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ३१ मे १८८९ ला श्रीमंतांच्या एका क्लबच्या मालकीचं मातीचं धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली. मासे निसटू नयेत म्हणून क्लबनं सांडव्याला जाळ्या बसवल्या होत्या. हे ऐकताना मी मान वर केली नाही.

आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींत बसणाऱ्या दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना. आमचा बांध सहा मीटरचा. तो तपासायला कुणी येणार नाही. आधी मला याचं बरं वाटलं असतं.

सांडव्यातली भिंत मी पुरती काढली. एक एकर डाळिंब मोडलं. खडीचे थर दिले, बाभळी उन्हाळ्यात मुळासकट उपटून खड्डे काळ्या मातीनं ठोकून भरले. पावसाळ्यात मावशी दर सोमवारी पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी तळाला गाळ बसला का, ते आम्ही दोघं बघतो. सध्या बसत नाही.

मागच्या श्रावणात संध्याकाळी बाटली बघायला गेलो होतो. त्या शेळ्या बांधत होत्या. मी न विचारता त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. सुरगाठच होती.